तात्पर्य पाठ आहे, गोष्ट कळलीय का?

खडूची_धूळ | सोमवार, रात्री १०:४०

आमच्या सोसायटीमागे चाळी आहेत (डोंबिवली पूर्व). तिथल्या तिसरी ते सहावीच्या मुलांना मी आठवड्यातून तीन संध्याकाळी गोष्टी वाचून दाखवते. शिकवणी नव्हे. पण कुणी गृहपाठ घेऊन आलंच तर परतही पाठवत नाही. यंदा पाचवं वर्ष.

गेल्या बुधवारी मुंगसाची गोष्ट झाली. सगळ्यांना माहीत असेल, तरी धाग्यापुरती सांगते. बाई पाळण्यातल्या बाळाला मुंगसाच्या भरवशावर ठेवून पाण्याला जाते. परत येते तर दारात मुंगूस, तोंड रक्ताने माखलेलं. बाळाला खाल्लं असं समजून ती भरली घागर त्याच्यावर आदळते. आत जाऊन बघते तर बाळ हसतंय आणि पाळण्याखाली सापाचे तुकडे.

सवयीने विचारलं, तात्पर्य काय? वह्यांमध्ये हे आलं:

"अविचाराने कृती करू नये." चौघांच्या वहीत, काना-मात्रेसह तेच.
"मुंगसाला बाळाजवळ ठेवू नये."
"बाळाला एकटे सोडून पाण्याला जाऊ नये."
"मुंगसाने तोंड धुऊन यायला पाहिजे होते."

शेवटचं वाचून मी पोट धरून हसले. रात्री भांडी घासताना वाटलं, अरे, गोष्ट खरी ऐकली ती यानेच! बाईला काय दिसलं आणि ती का फसली, हे त्याला बरोब्बर कळलंय. चौघांना विचारलं होतं, "अविचाराने म्हणजे कसं रे?" तर म्हणाले, "विचार न करता." कसला विचार? सगळे गप्प. गाइडातलं वाक्य गाइडातच राहिलेलं.

मग मी माझं उदाहरण दिलं होतं. समजा आई घरी आली, फुटलेली बरणी बघितली आणि काही न विचारता तुलाच धपाटा घातला, तर? माना हलल्या. एक जण म्हणाला, "आई तशीच असते." पुढची दहा मिनिटं प्रत्येकाची आई. मुंगूस राहिलं बाजूला.

सगळे निघाले तेव्हा पाचवीतली एक मुलगी चपला घालता घालता थांबली. म्हणाली, "टीचर, परवा माझी वासाची पेन्सिल गेली होती. मी बाजूच्या मुलीचं दप्तर सगळ्यांसमोर उलटं केलं. तिचा डबा सांडला. मग पेन्सिल माझ्याच कंपासमध्ये होती." एवढं बोलून पळाली.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. माझ्या उदाहरणात मूल मुंगसाच्या जागी होतं, म्हणजे बिचारं. तिच्या उदाहरणात घागर तिच्याच हातात होती. मोठी माणसं उदाहरण देतात तेव्हा मुलाला गोष्टीत नेमकं कुठे उभं करतात, हे मी कधी तपासलंच नव्हतं.

तुम्ही घरी, शाळेत रोजच्यातली कोणती उदाहरणं देता? जमलेली लिहा, आपटलेली जरूर लिहा.

चिंगीचीआई | सोमवार, रात्री ११:०५

"मुंगसाने तोंड धुऊन" ला साष्टांग नमस्कार. वाचतेय.

पांढरीचा_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:५०

ताई, धागा मनातला काढलात. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, दोनशिक्षकी. तिसरी-चौथी माझ्याकडे.

आधी जमलेलं सांगतो. कोल्हा आणि आंबट द्राक्षं. इथं द्राक्षाची बाग लेकरांनी लांबूनच बघितलेली, पण गोष्ट त्यांना पटकन उमगते. कारण त्याच आठवड्यात खो-खोचा संघ निवडला होता. ज्याला घेतलं नाही तो म्हणाला होता, "मला खेळायचंच नव्हतं, उन्हात कोण पळणार!" गोष्ट संपली आणि मी काही बोलायच्या आत सगळ्या वर्गाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

मला वाटलं वा, काय लागू पडली! आणि तिथंच माती खाल्ली. पोरगं पुढं दोन महिने "कोल्हा". पाणी प्यायला गेलं तरी कोल्हा. ते मैदानावर यायचंच बंद झालं. गोष्ट लागू पडणं आणि लेकराला लागणं यातला फरक मला असा कळला.

आता पद्धत बदलली. नाव कुणाचंच घ्यायचं नाही, हा पहिला नियम. दुसरं, सुरुवात मी करतो, माझ्यापासून. "केंद्रप्रमुखांनी भाषणाला दुसऱ्या सरांना बोलावलं, तेव्हा मी घरी जाऊन म्हणालो, मला कुठं वेळ आहे भाषणाला." लेकरं खदाखदा हसतात. मास्तर कोल्हा झाला म्हटल्यावर त्यांना कोल्हा व्हायला लाज वाटत नाही. मग आपलं आपण सांगतात.

न जमलेलंही आहे. ते संध्याकाळी लिहितो, परिपाठाची वेळ झाली.

आडवातिडवा | मंगळवार, सकाळी ९:३०

मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो. गोष्टीला तात्पर्य हवंच कशाला? आंबा खाल्ल्यावर मुलाला कुणी विचारतं का, बाळा यातून कोणतं जीवनसत्त्व मिळालं? गोष्ट ऐकली, मजा आली, झालं. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी शंभर वर्षांपूर्वी भावनगरला हेच सांगितलं, की गोष्ट आनंदासाठी सांगा, शेवटी उपदेशाचं शेपूट लावू नका. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी तेच काम पुढे नेलं. आणि आपण अजून "यावरून आपल्याला काय शिकायला मिळते" मध्ये अडकलोय.

इसापनीती मराठीत आली १८२८ मध्ये, सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी आणली. दोनशे वर्षं झाली की आता. दोनशे वर्षांत मराठी माणूस किती नीतिमान झाला ते आपण बघतोच आहोत. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

खडूची_धूळ | मंगळवार, दुपारी २:१५

@आडवातिडवा, शेपटाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण माझ्याकडच्या मुलांना परीक्षेत "कथेचे तात्पर्य लिहा" येतं आणि त्याला गुण असतात. कथालेखनात शीर्षक नि तात्पर्य राहिलं की गुण गेले. तेव्हा गिजुभाईंचं नाव सांगून त्या पोरांचं भागत नाही.

आणि आंब्याचं म्हणाल, तर तो पचतो आपोआप. गोष्ट पचली की नुसती गिळली, एवढंच बघायचं आहे मला. पेन्सिलवाल्या मुलीला मी काहीच विचारलं नव्हतं. तिनेच येऊन सांगितलं. ती "शिकवण" म्हणायची की "मजा"?

निरीक्षणवही | मंगळवार, रात्री ९:२०

मी बालविकास शिकवते. म्हणून थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

"मुंगसाला बाळाजवळ ठेवू नये" हे उत्तर मठ्ठपणाचं नाही, वयाचं आहे. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेचा १९३२ सालचा प्रसिद्ध प्रश्न आहे. एका मुलाला जेवायला बोलावलं, त्याने दार ढकललं. दारामागे खुर्चीवर ट्रे होता हे त्याला माहीत नव्हतं. पंधरा कप फुटले. दुसरा मुलगा आई घरात नसताना मुरंबा चोरायला खुर्चीवर चढला, त्याचा एक कप फुटला. जास्त वाईट कोण? सहा-सात वर्षांची बरीच मुलं म्हणतात, पंधरावाला. जे दिसतं ते मोजायचं, मनात काय होतं ते नंतर. दहाच्या आसपासची मुलं हेतूकडे बघू लागतात. पुढच्या संशोधकांनी दाखवलं, की प्रश्न सोपा करून विचारला तर लहानांनाही हेतू कळतो, पण साधारण दिशा तीच.

तुमच्या वर्गात तिसरी आणि सहावी एकत्र बसतात. एकाच गोष्टीतून दोघांना सारखंच काय सापडणार?

आणखी दोन अभ्यास इथे कामाचे. टोरोंटोच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली. काहींना तीच गोष्ट प्राण्यांची चित्रं घालून, काहींना माणसांची. आधी आणि नंतर, मुलं आपल्याकडचे स्टिकर दुसऱ्याला किती देतात ते मोजलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी नंतर जास्त दिले. प्राण्यांची ऐकलेल्यांत तशी वाढ झाली नाही. मुलांना तो प्राणी "आपल्यासारखा" वाटला नाही, असा अर्थ लावला गेला. म्हणजे कोल्ह्या-सशांच्या गोष्टींना रोजच्या उदाहरणाचा पूल लागतो, तो यासाठी.

दुसरा २०१४ चा. तीन ते सात वर्षांच्या मुलांना खेळण्याकडे चोरून बघू नका असं सांगून खोलीत एकटं ठेवलं. बहुतेकांनी बघितलंच! मग गोष्ट सांगितली आणि विचारलं, खरं सांग, बघितलंस का? "लांडगा आला रे आला" ऐकलेल्यांवर काहीही परिणाम नाही. लाकडी बाहुल्याचं नाक वाढतं त्या गोष्टीचाही नाही. परिणाम झाला तो चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीचा, जिथे खरं बोलल्यावर बाप शाबासकी देतो. त्याच गोष्टीचा शेवट उलटा करून सांगितला, तर परिणाम गायब.

घराघरांत लांडगा इतका वापरतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

चिंगीचीआई | मंगळवार, रात्री ९:५५

बापरे. आमच्याकडे रोज रात्री लांडगा येतो.

पांढरीचा_मास्तर | मंगळवार, रात्री १०:३०

सकाळचं राहिलेलं सांगतो.

मुंगी आणि नाकतोडा. उन्हाळाभर मुंगी दाणे साठवते, नाकतोडा गाणी म्हणतो. मग नाकतोडा उपाशी, मुंगी मजेत. तात्पर्य काय, तर कष्ट करावे, साठवून ठेवावं. मी उदाहरण दिलं पेरणीचं, बियाणं राखून ठेवण्याचं. गावातलं, रोजचं. बरोबर की नाही?

माझ्या वर्गातली निम्मी लेकरं ऊसतोड कामगारांची. दिवाळी झाली की आईबाप कोयते घेऊन कारखान्याकडं निघतात, काही लेकरं सोबत जातात, काही आजीपाशी राहतात. त्यातला एक, आजीपाशी राहणारा. एरवी बोलत नाही. म्हणाला,

"सर, आमची माय तर मुंगीच हाय. पहाटं तीनला उठती. मग पावसाळ्यात मुकादमाकडून उचल का घ्यावी लागती?"

(उचल म्हणजे मजुरीवर घेतलेले आगाऊ पैसे.) वर्गात चिडीचूप. माझ्याकडं उत्तर नव्हतं. "पुढं शिकलास की कळंल" असं काहीतरी पुटपुटलो आणि घंटेची वाट बघितली. आजही आठवलं की अंगावर येतं. रोजचं उदाहरण गोष्टीला पुरावा देईल असं आपण धरून चालतो. त्याच्या रोजच्याने गोष्टच खोटी पाडली.

कडुलिंब | मंगळवार, रात्री ११:१०

मास्तर, ही प्रतिक्रिया वाचून लॅपटॉप बंद केला होता. परत उघडला. त्या मुलाला तुम्ही नंतर काही बोललात का?

पांढरीचा_मास्तर | बुधवार, सकाळी ६:४५

आठ दिवसांनी. गोष्ट परत घेतली. म्हटलं, त्यानं विचारलेलं बरोबर आहे, गोष्ट सांगणारा काहीतरी सांगायचा विसरलाय. काय विसरला असंल? लेकरांनी पाऊण तास घेतला. मुंगीचे दाणे कोण मोजतं, मुंगी आजारी पडली तर काय, वारूळ कुणाच्या रानात आहे, नाकतोड्याचं गाणं ऐकून मुंगीला काम करताना बरं वाटत असंल का. एका पोरीनं विचारलं, हलगी वाजवणाऱ्याला आपण सुपारी देतो की नाही, मग नाकतोड्याला का दिली नाही?

तात्पर्य फळ्यावर लिहिलंच नाही. तपासणीला कुणी आलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

आडवातिडवा | बुधवार, सकाळी १०:००

मास्तर, टोपी काढली. मी ज्याला विरोध करत होतो ते हे नव्हे, एवढं कबूल करतो.

परसातली_पपई | बुधवार, दुपारी ३:३०

बाप लोकांकडूनही एक. लेक दुसरीत. तहानलेला कावळा झाला शाळेत. ती म्हणाली, बाबा, करून बघू. काचेचा ग्लास, रस्त्याच्या कामावरून आणलेली बारीक खडी. मी आपला ग्लासात तळाला बोटभर पाणी घेतलं, गोष्टीत "तळाशी थोडंसं पाणी" असतं ना. खडी टाकत गेलो. पाणी थोडं वर आलं आणि मग खडीच पाण्याच्या वर गेली. ग्लास काठोकाठ भरला खडीने, पाणी मध्येच अडकलेलं, फटींमध्ये. लेक म्हणाली, कावळा मेला.

मग अर्धा ग्लास पाणी घेऊन केलं, तर काठापर्यंत आलं. कारण साधं आहे. खडीच्या मध्ये जेवढ्या फटी तेवढं पाणी आधी त्या खातात. निम्म्याच्या आसपास पाणी असेल तरच कावळ्याचं भागतं.

तिला सांगितलं, २००९ मध्ये केंब्रिजला कावळ्याच्या कुळातल्या रूक पक्ष्यांवर हाच प्रयोग झाला. नळीत पाणी, पाण्यावर तरंगणारी अळी, बाजूला दगड. पक्ष्यांनी दगड टाकून अळी मिळवली, वर मोठे दगड आधी निवडले. लेकीचा प्रश्न: मग पाणी कमी असलेलं मडकं दिसलं तर रूक काय करेल? म्हटलं, तू काय करशील? म्हणाली, "मी दुसरं मडकं शोधीन."

शाळेतल्या वहीत मात्र "तात्पर्य: शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ" असं लाल शेऱ्यासह आहे. बाईंना कळवायचं धाडस झालं नाही.

हडसनकाठी | बुधवार, रात्री ८:१५ (तुमची गुरुवारची पहाट)

न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. इथे अडचण दुहेरी. लाकूडतोड्याची गोष्ट घ्या. कुऱ्हाड विहिरीत पडते, जलदेवता सोन्याची, चांदीची, मग लोखंडाची काढून दाखवते. आमच्या मुलांनी ना आड बघितलाय ना कुऱ्हाड. बरं, ते चित्रात दाखवता येतं. खरी अडचण एका दहा वर्षांच्या मुलाने मांडली: "त्याला खरं बोलल्याचं सोनं मिळालं. मग ते डील झालं ना? खरं बोलणं कुठे झालं?"

@निरीक्षणवही, तुमचा २०१४ चा अभ्यास वाचून मी गोंधळात पडलेय. लहानांना बक्षीस असलेली गोष्ट लागू पडते, आणि मोठ्यांना नेमकं तेच बक्षीस खुपतं?

उदाहरण म्हणून मी आपलं लहानपणचं काढलं होतं. वाण्याने चुकून जास्त सुटे दिले, परत करशील का? मुलं माझ्याकडे बघत राहिली. सुटे म्हणजे काय? सगळं कार्डावर.

चिंगीचीआई | गुरुवार, सकाळी ८:४०

@हडसनकाठी, इथेही सुटे संपले हो! भाजीवालीकडेसुद्धा क्यूआर कोड. २०१६ ला यूपीआय आलं आणि आपल्या पिढीची प्रामाणिकपणाची सगळी उदाहरणं एका फटक्यात बाद झाली. माझी चिंगी म्हणते, "मोबाइल बोलतो ना किती आले ते."

गल्लीतला_फलंदाज | गुरुवार, सकाळी ९:१०

प्रामाणिकपणाला आमच्या बिल्डिंगखाली हुकमी उदाहरण आहे. बॅटला चेंडू चाटून गेला. आवाज फक्त तुला आणि विकेटकीपरला आला. अंपायर नाही. सांगशील का? इथे सोन्याची कुऱ्हाड नाही, जलदेवता नाही. उलट आउट होऊन बॅट द्यायची आणि अर्धा तास फील्डिंग. हे विचारलं की मुलं खरंच विचारात पडतात. आणि खरी उत्तरं देतात. माझा पुतण्या म्हणाला, "मॅच असेल तर नाही सांगणार, प्रॅक्टिस असेल तर सांगेन." मला ते "नेहमी खरे बोलावे" पेक्षा जास्त प्रामाणिक वाटलं.

निरीक्षणवही | गुरुवार, दुपारी १:००

@हडसनकाठी, तो अभ्यास तीन ते सातच्या मुलांचा आहे. दहाव्या वर्षी मूल "का" विचारणारच. तुमचा मुलगा गोष्ट चुकीची समजला नाही, तो गोष्टीच्या पुढे गेला. त्याला फलंदाजांचं उदाहरण द्या, बेसबॉलमध्ये बदलून.

भोपळ्यातली | गुरुवार, दुपारी ४:२०

तुमचं सगळं ठीक आहे, पण आमच्या म्हातारीचं काय? ती जंगलात वाघाला सांगते, लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. येताना भोपळ्यात बसून येते आणि वाघाला साफ गंडवते. दिलेला शब्द मोडला! तात्पर्य काय लिहू? "खोटे बोलल्यास जीव वाचतो"?

माकड आणि मगरीचंही तेच. काळीज झाडावर विसरलो म्हणणारं माकड धडधडीत खोटं बोलतं. आदल्या दिवशी लांडगा-लांडगा ओरडणाऱ्या पोराला शिक्षा, दुसऱ्या दिवशी माकडाला टाळ्या. माझी नात सात वर्षांची, तिने पकडलं मला.

आडवातिडवा | गुरुवार, सायंकाळी ५:००

आजी, नात हुशार आहे. पंचतंत्र सद्वर्तनासाठी लिहिलेलंच नाही, ते राज्य करायला शिकवण्यासाठी आहे. अमरशक्ती राजाची तीन ढ मुलं, विष्णुशर्मा म्हणतो सहा महिन्यांत नीतिशास्त्रात तयार करतो. तिथली "नीती" म्हणजे राजनीती, व्यवहार. पहिल्या तंत्राचं नावच मित्रभेद, मैत्री कशी तोडावी! माकडाची गोष्ट चौथ्यात, हातचं कसं जातं ते सांगणारी. मुंगसाची पाचव्यात, न तपासता केलेल्या कामांची. या सगळ्या गोष्टींना एकच "खरे बोलावे, दयाळू असावे" ची फूटपट्टी लावली की आजींसारखी पंचाईत होते.

भोपळ्यातली | गुरुवार, रात्री ८:३०

आजी म्हणालात ते बरोबर ओळखलंत. नातीला मी शेवटी विचारलं, अनोळखी माणसाने दारातून विचारलं, घरात कोण आहे, तर काय सांगशील? म्हणाली, "बाबा आंघोळ करतायत." आणि बाबा ऑफिसात असले तर? "तरीपण बाबा आंघोळ करतायत." म्हटलं, हेच म्हातारीने केलं. मग तिने स्वतःच सांगितलं की लांडगेवाल्या पोराला कुणीच खाणार नव्हतं, त्याला नुसती गंमत हवी होती. मला बोलावंच लागलं नाही पुढे.

आता माझी एक शंका. चिऊ-काऊ. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पावसात काऊचं वाहून गेलं, तो चिऊच्या दाराशी. ती म्हणते थांब, बाळाला न्हाऊ घालते, थांब, तीट लावते. शेवट घरोघरी वेगवेगळे. ही गोष्ट भरवताना मी चाळीस वर्षं सांगत आले आणि परवा नात म्हणाली, "चिऊ वाईट्ट आहे." मला चिऊ नेहमी टापटीप, संसारी वाटायची हो.

खडूची_धूळ | गुरुवार, रात्री १०:१५

आजी, या गोष्टीचं उदाहरण आमच्या मुलांना शोधावं लागत नाही. सकाळची ८:०८ ची लोकल. प्लॅटफॉर्मवर असताना "अहो जरा आत सरका, जागा आहे आत" म्हणून ओरडणारी बाई आत शिरली की पुढच्या स्टेशनला दारात हात आडवा धरून म्हणते, "जागा नाही, मागची पकडा." तीच बाई. चार मिनिटांत काऊची चिऊ होते.

उद्या हेच करणार. पण उदाहरण मी सांगणार नाही, फक्त विचारणार: तू कधी आत होतास आणि कुणी बाहेर होतं, असं झालंय? काय होतं ते सोमवारी लिहिते.

पांढरीचा_मास्तर | शुक्रवार, सकाळी ६:५५

इथं लोकल नाही, पण टँकर आहे. उन्हाळ्यात रांगेत घागरी लागतात. मीही आज घेतो चिऊ-काऊ. चौथीची लेकरं म्हणतील बाळांची गोष्ट आहे म्हणून. बघू.

कडुलिंब | शुक्रवार, दुपारी १२:३०

दोन्हीकडचे वृत्तांत हवेत! वाखूसा (वाचनखूण साठवली). रच्याकने (म्हणजे बाय द वे), इथे येणाऱ्या आईबाबांना एक विनंती. गोष्ट संपल्या संपल्या "बघ, तू पण असंच करतोस ना" म्हणू नका. माझी आई म्हणायची. ससा-कासव मला अजून आवडत नाही.

पांढरीचा_मास्तर | शुक्रवार, रात्री ९:४०

झाली. "आत कोण, बाहेर कोण" एवढंच विचारलं. टँकरचं एकानं सांगितलं, पण तोंडदेखलं. खरं उदाहरण वेगळंच आलं. कारखान्यावरून परत आलेली लेकरं मार्चनंतर वर्गात बसतात तेव्हा बाकी लेकरं बाक देत नाहीत. "हा माझा बाक हाय, तू गेल्ता." हे मला तीन वर्षांत दिसलं नव्हतं. सांगितलं ते बाक न देणाऱ्या पोरीनं.

खडूची_धूळ | सोमवार, रात्री ११:००

मास्तर, तुमचं वाचून माझं फिकं वाटतंय, तरी लिहिते.

लोकलचं कुणीच काढलं नाही! त्यांना लोकल आईबाबांची वाटते, आपली नाही. त्यांचं निघालं ते चाळीतल्या कॅरमचं. चौघं बसले की पाचव्याला "हा गेम संपू दे", मग "पुढचा पण आमचाच". तोंड धुवायला सांगणारा मुलगा म्हणाला की तो रोज पाचवा असतो. मग थोडं थांबून म्हणाला, नाही, रविवारी चौथा असतो, तेव्हा तोही हेच म्हणतो.

आणि पेन्सिलवाल्या मुलीने विचारलं, "पण टीचर, चिऊला काऊची भीती वाटत असेल तर? काऊ पिल्लं खातो ना खरंच?"

कावळे चिमण्यांची पिल्लं पळवतात, हे खरं आहे. चाळीतल्या मुलांनी बघितलेलं आहे. मी म्हटलं, मलाही विचार करू दे, बुधवारी बोलू. आजी, तुमच्या नातीला विचारून ठेवा.